ताडपत्रीखालची डुकरं

डुकरं एका गावाहून दुसऱ्या गावी हलवायची तर थंडीत, असा कैकाड्यांचा रिवाज होता. मी त्या वर्षांत नागपूरच्या एका दैनिकाला जिल्ह्याच्या बातम्या पाठवत असे आणि गावाच्या मागच्या बाजूला नाल्याकाठी एका खोलीत राहत असे. नाल्याच्या पलीकडे कैकाड्यांच्या झोपड्या होत्या. ते टोपल्या विणत, डुकरं पाळत. खोलीच्या खिडकीतून दोन्ही कामं दिसत.

पौषात किंवा माघात, दोन वस्त्यांमध्ये सोयरीक झाली की डुकरांची देवाणघेवाण होई. परतीच्या रिकाम्या ट्रकवाल्याला गाठत. ट्रकच्या तळाशी तुरीचं कुटार, म्हणजे वाळका भुसा, गुडघाभर पसरत. पिलं झाकणाच्या टोपल्यांत, मोठी जनावरं एकमेकांना चिकटून उभी, वाऱ्याच्या बाजूला कडब्याच्या पेंढ्या आणि वरून ताडपत्री. निघण्याआधी मोहाचा सडवा खाऊ घालत. सडवा म्हणजे दारू गाळण्यासाठी आंबवलेली मोहफुलं. तो खाल्ला की डुक्कर गुंगतं. भांडत नाही, चावत नाही, किंचाळत नाही आणि थंडीत त्याचं अंगही ऊबदार राहतं. अशा रीतीनं नेलेलं डुक्कर रस्त्यात मेल्याचं मी ऐकलं नव्हतं.

आमच्या गावाचं नाव देत नाही. जिल्ह्यातल्या कोणत्याही नगरपालिकेनं तेव्हा तेच केलं असतं. दर उन्हाळ्यात डुकरं हद्दीबाहेर नेण्याचा हुकूम निघे, दवंडी पिटली जाई, आणि पुढे काही होत नसे. नागपूरच्या दीक्षेनंतरचा तो दुसरा उन्हाळा. त्या वर्षी मात्र एक बंदूकवाला आणला गेला. त्यानं नाल्याच्या काठावर काही डुकरं टिपली आणि ती तशीच पडू दिली. बाकीच्यांनी समजून घ्यावं म्हणून.

माझ्या खिडकीसमोरच्या झोपडीतल्या माणसानं समजून घेतलं. त्याच्याकडे डुकरिणींचा एक लहानसा कळप होता. शेती नव्हती. टोपल्यांचं काम त्याची बायको करी. त्याची सासुरवाडी नेरजवळ होती आणि तिथल्या ओढ्याला बारमाही चिखल होता. तिथपर्यंत डुकरिणी जिवंत पोचल्या तर त्याचा धंदा राहणार होता. नाही पोचल्या तर सडकेवर गिट्टी फोडायची. हे तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगे, मलाही सांगितलं. कळपात एक गाभण होती, काळी, एक कान फाटलेली. तिच्यावर त्याची सगळ्यात जास्त भिस्त होती.

वैशाखातला दिवस होता. मला यवतमाळला जायचं होतं आणि बस भरून निघून गेली होती, म्हणून डुकरं न्यायला त्यानं ठरवलेल्या ट्रकमध्येच ड्रायव्हरशेजारी जागा मिळवली. कैकाड्याला रात्री निघायचं होतं. ड्रायव्हर म्हणाला, "रातच्याले जंगलातून गाडी नाही घालत मी." मग पहाटे निघायचं ठरलं, पण डुकरं पकडण्यात ऊन वर आलं.

ड्रायव्हरच्या दोन अटी होत्या. ताडपत्री चारी बाजूंनी पक्की बांधायची आणि डुकरांचा आवाज येता कामा नये.

"यवतमाळहून साखर भरायची हाय मले," तो म्हणाला. "या गाडीत डुकरं होती असं कोनी पाह्यलं, तर शेठ साखर माह्याच तोंडावर फेकन."

आवाज बंद ठेवायचा एकच उपाय कैकाड्याला माहीत होता. तो सडव्याचं मडकं घेऊन आला. त्याची बायको आडवी आली.

"नको देऊ. थंडीतलं खाणं हाय ते. ऊन पाह्य ना कसं हाय."

"मंग वरडू देऊ काय? हा उतरून देईन रस्त्यात."

"उतरून देईन तं देईन. पायी नेऊ."

"गाभण हाय वं ते. पायी नेते म्हणे! तुह्या डोक्यावर नेतं काय?"

डुकरिणींनी सडवा खाल्ला. गाभण डुकरिणीनं तोंड लावलं नाही. तिला दोन दिवसांपासून खाणं नको झालं होतं. तिला मागच्या फाळक्याशी बांधलं. ताडपत्रीच्या कडा दोरीनं आवळल्या आणि नवरा-बायको ताडपत्रीवरच, मागच्या बाजूला, बसली. ट्रक निघाला तेव्हा आतून आवाज नव्हता. ड्रायव्हर खूश होता. त्यानं मला विडी दिली.

गाडी पळत होती तोवर ताडपत्रीच्या फटींतून थोडा वारा जात असावा. चढ लागले आणि वेग कमी झाला. मग इंजिन तापलं. भर दुपारी, सडकेला लागून असलेल्या एका गावाशी, रेडिएटरच्या झाकणातून वाफ उसळली आणि ड्रायव्हरनं गाडी उभी केली.

समोरच विहीर होती, विहिरीला लागून जनावरांचा हौद. निंबाखाली बाजेवर पाटील बसला होता, आसपास पाचसात माणसं. ड्रायव्हरनं रामराम घातला आणि पाणी मागितलं. पाटलानं एका माणसाला दोर आणि बादली घेऊन उठवलं. तो माणूस स्वतः पाणी शेंदून रेडिएटरपाशी घेऊन आला. रेडिएटर पोटभर पाणी प्यायला आणि थोडं पाणी ड्रायव्हरनं टायरांवरही मारलं.

गाडी उभी राहिल्यावर ताडपत्रीखालचा आवाज ऐकू येऊ लागला. फळीवर खूर आपटत होते, सारखे नाही, थांबून थांबून.

"काय हाय गा आत?" पाटलानं विचारलं.

"सामान हाय, पाटील."

तेवढ्यात गाभण डुकरीण ओरडली.

"सामान वरडते कायले?" पाटील म्हणाला. माणसं हसली.

कैकाड्यानं दोऱ्या सोडल्या. ड्रायव्हर त्याला शिव्या देत होता, पण अडवलं नाही. ताडपत्री उघडली तेव्हा आतली हवा माझ्या तोंडावर आली, भट्टीचं दार उघडावं तशी, आंबूस आणि ओली. पुढच्या बाजूच्या चार डुकरिणी मेल्या होत्या. एकीवर एक पडल्या होत्या. जिभा जांभळ्या, तोंडाला फेस, फेसात सडव्याचे तुकडे. बाकीच्या जिवंत होत्या, तोंडं उघडी टाकून धापत होत्या, आणि उठायचा प्रयत्न करत नव्हत्या. फक्त गाभण उभी होती. तिच्या मानेखालचं कातडं श्वासाबरोबर हलत होतं.

कैकाडी खाली उतरला आणि पत्र्याचा डबा घेऊन निंबाकडे गेला. सावलीपर्यंत गेला नाही, उन्हात थांबला.

"मालक, पाणी."

"डुकराले? हौदात? माहे बैल पितेत तिथं."

"हौदात नाही, मालक. हा डबा हाय माहा. दोर तुमच्याच माणसानं वढावा. वरून वता यात. मी हात नाही लावत."

पाटील लगेच नाही म्हणाला नाही. त्यानं ट्रककडे पाहिलं, मग सडकेच्या खालच्या अंगाला असलेल्या वस्तीकडे पाहिलं.

"देऊ ना पाणी," तो म्हणाला. "पण आधी मेलेलं काढा. गावाच्या तोंडावर मढी ठेवून पाणी शेंदत नाही आमी."

कैकाडी धावत गाडीकडे निघाला.

"तू कायले?" पाटलानं त्याला थांबवलं. "ज्याचं काम त्यानं करावं. जा रे, बोलवा कारभाऱ्याले."

तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळलं. मला ड्रायव्हरनं हळूच सांगितलं, तो त्या सडकेवरचा जुना माणूस होता. खालची वस्ती बौद्धांची. दीक्षा घेतल्यावर त्यांनी गावची मेलेली जनावरं ओढायचं सोडलं होतं. मागच्या पावसाळ्यात पाटलाचा बैल मेला. तो गोठ्याच्या दारात फुगेपर्यंत पडून राहिला, कारण वस्तीतून कोणी आलं नाही. शेवटी पाटलाच्या मुलांनी नाकाला फडकं बांधून तो ओढला. ते साऱ्या गावानं पाहिलं होतं. नकार द्यायला पुढे उभा राहिला होता तो वस्तीचा कारभारी.

कारभारी आला. पन्नाशीचा, धुतलेला सदरा, डोक्याला काही नाही. तोही उन्हातच थांबला, कैकाड्यापासून थोडा दूर.

"आला काय? ये," पाटील म्हणाला. "चार डुकरं मेली हायेत. वढ."

"वढत नाही, पाटील. तुमाले मालूम हाय."

"गावचं नको वढू. हे परगावचं हाय. पावण्याचं काम समज."

"जनावर परगावचं असन. हात तं माहाच हाय."

पाटील कैकाड्याकडे वळला. आवाज अगदी मऊ होता. "पाह्य बाप्पा. पाणी माह्यापाशी नाही अडकलं. याच्यापाशी अडकलं."

ट्रकमध्ये एक डुकरीण आचके देऊ लागली. कैकाड्याची बायको लुगड्याच्या पदरानं तिला वारा घालत होती. वारा गरम होता.

कैकाडी कारभाऱ्यापुढे गेला. "भाऊ, एक डाव. नुसता हात लाव. वढतो मीच, तू एका अंगानं धर. त्याईले दिसलं पायजे, बस. ते गाभण जगली तरी माहं घर जगते."

कैकाडी त्याच्या पायाशी वाकला, तसा कारभारी मागे सरकला.

"पाया पडू नको. आमच्यात आता कोनी कोनाच्या पाया पडत नाही."

निंबाखाली मोठ्यानं हसणं झालं. कोणीतरी म्हणालं, "घे! देवही गेला अन् पायही गेले."

"तुह्या धर्मापायी माही जनावरं मरून राह्यली," कैकाडी म्हणाला.

कारभाऱ्यानं गाभण डुकरिणीकडे पाहिलं, मग कैकाड्याच्या हातातल्या डब्याकडे.

"दे तो डबा."

वस्तीला विहीर नव्हती. गावाच्या विहिरीवर त्यांना हात लावता येत नव्हता. नाल्याच्या रेतीत झिरा खोदलेला होता, कंबरभर खोल खड्डा. त्यात पाणी झिरपे तसं बायका पाळीनं वाटी-वाटीनं भरून घेत. मी कारभाऱ्याच्या मागोमाग तिथं गेलो. झिऱ्यावर घागरींची रांग होती. कारभाऱ्याची बायको रांगेत पुढे होती. तिनं डबा पाहिला, ट्रकची बातमी तिथं आधीच पोचली होती.

"डुकराले?" ती म्हणाली. "आपल्या तोंडचं?"

"अर्धा डबा."

"मढी वढायचं सोडलं तवा मी काही बोलली काय तुमाले? गाव बोललं, मी नाही बोलली. आता डुकराची चाकरी काहाडता?"

"चाकरी नाही. पाणी."

"पाणीच म्हणते मी! लेकराईले काय पाजू सांजेले? तुमचं भाषण?"

एका म्हातारीनं सांगितलं की डुकराचा डबा झिऱ्यात बुडवू द्यायचा नाही, आणि बाकीच्यांना ते पटलं. शेवटी ठरलं ते असं. कारभाऱ्याच्या घरची पाळी होती. ती त्यानं डुकराला द्यावी, पाणी वाटीनं वरून ओतावं, आणि त्याच्या घराला दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी मागायचं नाही. त्याच्या बायकोनं रिकामी घागर उचलली आणि त्याच्याकडे न पाहता घरी गेली. अर्धा डबा भरायला पुष्कळ वेळ लागला.

आम्ही परत आलो तोवर गाभण सोडून एकही डुकरीण जिवंत नव्हती. तिला कैकाड्यानं खाली उतरवून ट्रकच्या सावलीत आणलं होतं. ती आता आडवी होती. गाव जेवून परत आलं होतं आणि पाहायला माणसं वाढली होती.

ऊन लागलेल्या डुकराच्या अंगावर एकदम पाणी टाकत नाहीत. कैकाड्याच्या बायकोनं आधी तिच्या भोवतीची जमीन ओली केली. मग गोणपाट भिजवून कानामागे धरलं. मग पोटाखाली. ओंजळीतून थोडं थोडं तोंडात सोडलं. बराच वेळ काही झालं नाही. मग धाप मंदावली. डुकरिणीनं तोंड मिटलं, पुन्हा उघडलं आणि डब्याच्या कडेकडे नाक नेलं. ती स्वतःहून प्यायली.

"जगली वं," कैकाडी म्हणाला. तो हसला. त्याच्या पुढच्या दातांत फट होती, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

कारभारी बाजूला उभा होता. त्यानं मेलेल्या जनावराला हात लावला नव्हता आणि डुकरीण पाणी प्यायली होती. हे माणसं पाहत होती आणि पाटील माणसांकडे पाहत होता. तो बाजेवरून उठला.

"अरे, पाणी पायजे होतं ना त्याईले? द्या ना! उद्या म्हणतीन पाटलानं पाणी दिलं नाही. शेंदा रे!"

बादल्या आल्या. विहीर खोल होती. बाहेर लू वाहत असली तरी तिचं पाणी दगडासारखं गार असे. डुकराच्या जवळ कोणी जाईना, म्हणून लांबूनच फेकायला सुरुवात झाली. पहिली बादली कैकाड्याच्या बायकोच्या पाठीवर बसली. दुसरी डुकरिणीच्या डोक्यावर.

"एकदम नको, मालक!" कैकाडी ओरडला. "गार पाणी नको! मरन ते!"

"आतापर्यंत पाणी दे, पाणी दे. अन् आता नको म्हणते!" पाटील म्हणाला.

माणसांना मजा वाटू लागली. धुळवडीला फेकावं तसं ते पाणी फेकू लागले. कैकाडी डुकरिणीवर आडवा पडला, तर त्याच्यावरही फेकलं. तिच्या अंगाला एक मोठी थरथर आली. चारी पाय ताठ झाले. पोटात काहीतरी हलताना दिसलं, ती हालचाल तिच्यानंतरही थोडा वेळ चालू होती. मग तीही थांबली.

"घ्या," पाटील म्हणाला. "पाणीही पचलं नाही."

गार पाण्यानं काय होईल हे त्याला ठाऊक होतं की नव्हतं, ते मला सांगता येणार नाही. पुढे त्या सडकेवरून जाताना मी एकदोनदा तिथं उतरलो. त्या दिवसाचा विषय निघाला की गावातली माणसं सांगत, पाटलानं डुकरांनासुद्धा पाणी दिलं. ते खरंच होतं.

ड्रायव्हरला घाई झाली होती. गाडी धुवायला त्याला बादल्या मिळाल्या, पाहिजे तितक्या. कैकाडी आणि त्याची बायको मेलेल्या डुकरिणींच्या पायांना दोर बांधून एकेक नाल्याकडे ओढू लागली. आता ते कोणाचं काम आहे, असं कोणी विचारलं नाही. गाभण डुकरीण शेवटी राहिली. तेव्हा पाटलाच्या घरचा गडी पितळेची वाटी घेऊन आला. तो थोडा लाजला होता.

"चरबी पायजे होती थोडीशी," तो म्हणाला. "पाटलाच्या मायचे गुडघे धरले हायेत. डुकराच्या चरबीनं उतरते म्हणते."

कैकाड्याच्या बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. तिचं लुगडं अजून ओलं होतं.

"बाटत नाही काय म्हातारी?"

"चोळायची हाय. खायची थोडीच."

"जित्या डुकराची लागते. आधी सांगायचं होतं पाटलाले."

गडी वाटी घेऊन उभा राहिला. मग रिकामी वाटी घेऊन परत गेला.

नाल्याच्या काठावर कारभारी फावडं घेऊन आला होता आणि खड्डा खणत होता. मेलेलं जनावर ओढणं हे सोडलेलं काम होतं. खड्डा खणणं नव्हतं. त्याच्या मनात हा हिशेब पक्का असावा, कारण डुकरिणी त्याच्यापासून हातभर अंतरावर येऊन पडत होत्या आणि तो फावड्याचा दांडाही त्यांना लागू देत नव्हता. सडकेवरून कोणीतरी ओरडलं, "खणतो पण वढत नाही! वा रे धर्म!" त्यानं वर पाहिलं नाही.

कैकाड्यानं गाभण डुकरीण आणली. ती जड होती. तिला कडेशी सोडून तो खाली बसला.

"तुनं हात लावला असता," तो कारभाऱ्याला म्हणाला, "तर दुपारीच पाणी भेटलं असतं. माही डुकरीण जगली असती."

कारभारी थांबला. फावडं मातीत रोवून त्यानं कपाळावरचा घाम पुसला.

"हो," तो म्हणाला. "जगली असती."

कैकाडी त्याच्याकडे पाहत राहिला. आणखी काही उत्तर येईल असं त्याला वाटलं असावं. सडकेवर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. खड्डा उथळ होता, कुत्र्यांनी रात्रीच उकरला असता. कारभाऱ्यानं पुन्हा फावडं उचललं. थोड्या वेळानं कैकाडी उठला, खड्ड्यात उतरला आणि हातांनी माती बाहेर टाकू लागला.